ब्लॅकमूरचं वतन

१७ एप्रिल १९७१, शनिवार. दुपारचा एक वाजत आलाय आणि तुम्ही अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात एका घराच्या तळघराचा जिना उतरताय. हातात ‘कॉर्नर ऑफ द टेबल’ नावाचं घरगुती छपाईचं पत्रक आहे. शिशाचे सैनिक मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्या इथल्या मंडळींचं हे पत्रक. आज डेव्ह आर्नेसनकडे दुपारी एक ते रात्री बारा एक मध्ययुगीन ‘ब्राउनस्टाइन’ होणार आहे, त्यात कथांमधले अद्भुत प्राणी असतील आणि पुलाखाली ट्रोलकडे पोकरचा डाव बसेल, अशी सूचना त्यात आहे. ट्रोल हा युरोपातल्या लोककथांमधला धिप्पाड राक्षस. पुलाखाली दबा धरून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, हा त्याचा धंदा. तो पोकर कधी शिकला, याचा खुलासा पत्रकात नाही.

नियम माहीत नाहीत म्हणून बिचकू नका. ते अजून व्हायचेत.

खाली टेबल टेनिसचं टेबल आहे. इतके दिवस त्यावर नेपोलियनच्या पलटणी उभ्या राहायच्या. त्या आता दिसत नाहीत. तिथं एक प्लास्टिकचा किल्ला आहे आणि भोवती वस्ती. तुम्हाला दिवाळीतला किल्ला आठवणारच. पण आपल्या किल्ल्यावरचा मातीचा गवळी चार दिवस जिथल्या तिथं उभा असतो. बाबा रे, दुधाचे किती आले आणि ते कुठं पुरलेस, असं त्याला कुणी विचारत नाही. इथं नेमकं तेच विचारतात.

टेबलाशी उभा असलेला आर्नेसन २३ वर्षांचा आहे. मिनेसोटा विद्यापीठात इतिहास शिकतो. नेपोलियनच्या त्याच त्या मोहिमा चालवून तो कंटाळला, एक सुट्टी त्यानं टीव्हीवरचे राक्षसांचे सिनेमे, कोनान या काल्पनिक योद्ध्याच्या गोष्टी आणि पॉपकॉर्न यांत काढली आणि आलेखाच्या कागदावर एका किल्ल्याखालची भुयारं रेखाटत बसला. किल्ल्याचं नाव ब्लॅकमूर.

तुम्ही इथं कोण? तुम्हीच. ब्लॅकमूरच्या सुरुवातीच्या डावांत खेळाडू स्वतःच्याच रूपात त्या जगात येऊन पडतात. ग्रेग स्वेन्सन नावाचा पोरगा स्वेन्सन म्हणूनच किल्ल्याखाली उतरतो, पहिल्या मोहिमेतून जिवंत परततो आणि पुढं ‘द ग्रेट स्वेनी’ म्हणून ओळखला जातो. तेव्हा तुम्हीही स्वतःचंच नाव सांगा. खुर्ची ओढा, पण बसू नका. त्याआधी दोन वर्षं मागं एक चक्कर मारून येऊ. त्याशिवाय ‘ब्राउनस्टाइन’ म्हणजे काय, ते कळायचं नाही.

१९६९. याच मंडळींपैकी डेव्हिड वेस्लीनं नेपोलियनच्या काळातलं प्रशियामधलं एक काल्पनिक गाव रचलंय, ब्राउनस्टाइन. दोन फौजा त्यावर चालून येताहेत. पण सेनापती दोनच आणि खेळायला आलेली माणसं जास्त. उरलेल्यांनी काय करायचं? वेस्ली एकाला नगराध्यक्ष करतो, एकाला सावकार, एकाला विद्यार्थ्यांचा पुढारी. एकेकाला बाजूला घेऊन त्याचा बेत ऐकायचा, मग फौजा हलवायच्या, असा त्याचा हिशेब. तुम्ही भिंतीला टेकून बघा. वेस्ली कुणाशी तरी बोलायला वळतो न वळतो तोच इकडं कारस्थानं सुरू होतात. दोघं जण येऊन सांगतात, आमचं द्वंद्व ठरलंय. द्वंद्वाचा नियम वेस्लीजवळ नाही. तो जागच्या जागी फासे टाकून काहीतरी निकाल देतो. गोंधळ इतका वाढतो, की फौजा गावापर्यंत पोचतच नाहीत. खेळ पार फसला, असं त्याला वाटतं. आणि बाकीचे विचारताहेत, पुढचा कधी?

पुढच्यांपैकी एकात गाव बदलून लॅटिन अमेरिकेतला एक देश येतो. आर्नेसनकडं क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका आहे. पत्रकं वाटायची, सरकारला त्रास द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण पठ्ठ्या घरून खोटं ओळखपत्र तयार करून आलाय. विद्यार्थी वगैरे सब झूट, मी सीआयएचा माणूस, असं तो इतरांना पटवतो आणि देशाची तिजोरी त्यांच्याच हातून स्वतःच्या ताब्यात घेऊन हेलिकॉप्टरनं निघून जातो.

माझ्या मते सगळं बी या प्रसंगात आहे. वेस्लीनं रचलेल्या देशात त्या विद्यार्थ्याच्या खिशात सीआयए नव्हती. आर्नेसननं कागद पुढं केला, समोरच्यांनी मान डोलावली, आणि ती आली. वेस्लीला नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. १९७०च्या शरद ऋतूत तो लष्करी सेवेसाठी निघून गेला आणि ज्याला त्यानं मोकळं सोडलं होतं, तोच पंच होऊन बसला.

चला, आता बसा खुर्चीवर. आता महिने भराभर जातील.

डेव्ह फँट हा ब्लॅकमूरचा पहिला जहागीरदार. किल्ला त्याचा, म्हणून बंदोबस्ताची काळजीही त्याची. भुयारात त्याचं पात्र रक्तपिपासूच्या तावडीत सापडतं आणि स्वतःच रक्तपिपासू होतं. आपल्याकडं एखाद्या पंचानं म्हटलं असतं, बाद झालास, ऊठ. आर्नेसन तसं म्हणत नाही. फँट खेळत राहतो, आता ‘सर फँग’ म्हणून, कालच्याच सवंगड्यांच्या गळ्याला दात लावायला टपलेला. हे पात्र इतकं भारी पडतं, की बाकीचे कुरकुर करायला लागतात. यावर आर्नेसनचा तोडगा बघा. तो सर फँगला कमी करत नाही. माइक कार नावाच्या खेळाडूकडं पुरोहिताची भूमिका येते आणि हॅमर कंपनीच्या भयपटांत पीटर कुशिंग क्रूस उगारून ड्रॅक्युलाला मागं हटवतो, तसं बळ या पुरोहिताला मिळतं. आज जगभर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारा कुणीही ‘क्लेरिक’ निवडतो, भुताखेतांना पळवून लावतो, जखमा भरून काढतो. तो कुण्या लेखकानं देवधर्माचा विचार करून घडवलेला नाही. एका तळघरातल्या एका पोराला आवरता येईना, म्हणून दुसऱ्याच्या हातात क्रूस दिला गेला.

जीव मोजायची रीतही अशीच आली. आधी फासा पडला की माणूस मेला. शिशाच्या सैनिकाचं त्यात काही वाटत नसे. वीस गेले, दुसरे वीस मांडले. पण स्वतःचं नाव लावून हिंडणारा माणूस एका फटक्यात गेला, तेव्हा मंडळी बिथरली. आर्नेसनजवळ चिलखती युद्धनौकांच्या लढायांचे नियम होते. जहाज एका गोळ्यानं बुडत नाही, मार सोसत सोसत बुडतं. ती मोजणी त्यानं माणसाला लावली. तुमच्या मोबाइलवरच्या गेममध्ये जीव कमी होताना जी लाल पट्टी आखडते, तिचं कूळ या कुरकुरीपर्यंत जातं.

आजूबाजूला ऐका जरा. एकानं गावाबाहेर जमीन धरलीय, एक जण व्यापार करतो, एक जंगलात राहून मंत्र सिद्ध करतो, एक जण चक्क भुयाराच्या दहाव्या मजल्यावर ऑर्क नावाच्या राक्षसांचा राजा होऊन बसलाय. काही खेळाडू सरळसरळ दुष्टांच्या बाजूनं आहेत आणि त्यांचे बेत आर्नेसन तुम्हाला सांगत नाही. गावात एक ‘कमबॅक इन’ नावाची खाणावळ आहे. दारातून बाहेर पडलात की पुन्हा आतच शिरता. चावट पंचाचा विनोद, दुसरं काय! पण तिथं अडकलेल्यानं तो विनोद गावभर केला, की ती खाणावळ नकाशावर पक्की होते. मधूनमधून ‘ब्लॅकमूर गॅझेट अँड रूमरमाँगर’ हे पत्रक येतं: या जगातल्या बातम्या आणि अफवा, खेळाडूंच्याच पराक्रमांवर पोसलेल्या.

या तळघरात कुणीही खेळाडूंना बसवून विचारलं नाही, की सांगा, आपलं जग कसं असावं. प्रत्येकाला एकेक वतन मिळालं. गढी, देऊळ, टोळी, पुलाजवळची जागा. वतन मिळालं की माणूस आपोआप बोलू लागतो: माझ्या कुंपणाला कोण लागून आहे, ओढ्याचं पाणी कुणाचं, वसुलीला गेलेला माणूस अजून परत का नाही. त्या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच ब्लॅकमूर. पंचाचं काम एवढंच, की मागच्या शनिवारी काय ठरलं ते लक्षात ठेवायचं आणि आज त्याचे परिणाम समोर आणायचे. हे ‘एवढंच’ किती जड असतं, ते करून बघितलेल्यालाच कळेल.

परिणाम कसे, तर असे. भुयारांत सोनं मिळतं म्हणून सगळे खालीच रमलेत. तुम्हीही त्यांतलेच; तलवारीच्या मागं लागून तिसऱ्या मजल्यावर वाट चुकलाय. वर गावाच्या रक्षणाला धड कुणी नाही, आणि शत्रूची बाजू खेळणाऱ्यांना ते ठाऊक आहे. ब्लॅकमूर पडतं. सगळ्या शूरवीरांची रवानगी लॉक ग्लूमेन नावाच्या दूरच्या तळ्याकाठी. रडा, ओरडा, आर्नेसन बधणार नाही. नकाशावर तोवर तळ्याचं नाव कुणी घेत नव्हतं. तुम्ही तिथं हद्दपार होऊन पोचलात, म्हणून तिथं रस्ते झाले, शेजारी झाले, कटकटी झाल्या.

आणि ब्लॅकमूर हेसुद्धा एक वतनच. दक्षिणेला, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावात गॅरी गायगॅक्स राहतो. १९७०मध्ये त्याच्या पुढाकारानं मध्ययुगीन लढायांच्या शौकिनांची ‘कॅसल अँड क्रुसेड सोसायटी’ निघाली, तिच्या पत्रकात एका ‘ग्रेट किंग्डम’चा नकाशा छापला गेला आणि सभासदांनी त्यातले मुलूख मागून घेतले. उत्तरेचा कोपरा आर्नेसनकडं आला. त्यानं जुलै १९७२मध्ये त्याच पत्रकात आपल्या मुलुखातल्या प्रेक्षणीय स्थळांची माहिती लिहून धाडली. म्हणजे राज्य एकाचं, सुभा दुसऱ्याचा, गढ्या तिसऱ्या-चौथ्याच्या.

१९७२चं वर्ष सरत आलंय. गाडीत मागं बसा. पुढं आर्नेसन आणि डेव्हिड मेगारी आहेत आणि गाडी लेक जिनीव्हाकडं निघालीय. मेगारीजवळ त्यानं केलेला एक पटावरचा खेळ आहे, ‘डंजन’. आर्नेसनला दर वेळी पंच म्हणूनच राबावं लागतं, कधीतरी त्यालाही खेळायला मिळावं, या कळवळ्यानं हा खेळ जन्मला. रस्ता लांबचा. डुलकी काढलीत तरी चालेल.

गायगॅक्स ३४ वर्षांचा, घरात मुलंबाळं, विमा कंपनीतली नोकरी गेलेली. तळघरात बूट दुरुस्त करून घर चालवतो. त्याच्याच टेबलाभोवती आज ब्लॅकमूरचा डाव बसतो. ऐकणाऱ्यांत रॉब कुंट्झ नावाचा तरुण आहे, गायगॅक्सचा मुलगा अर्नी आहे. ही रात्र संपते तेव्हा गायगॅक्सला ते नियम हवे आहेत. आर्नेसन पाठवतो ती जेमतेम वीसेक पानांची टिपणं. कारण ब्लॅकमूर कागदावर फारसं नव्हतंच. ते त्याच्या डोक्यात आणि बाकीच्यांच्या भांडणांत होतं.

गायगॅक्सचा स्वतःचा किल्ला उभा राहतो, ग्रेहॉक. पहिले खेळाडू त्याची दोन मुलं, अर्नी आणि एलिझ. भुयारात त्यांना पेटी मिळते, तीन हजार तांब्याच्या नाण्यांची; उचलता उचलत नाही. दुसऱ्याच दिवशी रॉब, त्याचा भाऊ टेरी आणि डॉन के येऊन बसतात. मग इथंही तेच. रॉबचा रोबिलार एकटाच तळाच्या तेराव्या मजल्यापर्यंत जातो. किल्ल्याखाली कोंडलेल्या उपदेवांना तो मोकळं करतो, आणि त्यांतला आयुझ पुढं छापील ग्रेहॉकच्या उत्तरेला एका भीषण राज्याचा धनी होऊन बसतो. एका खेळाडूची खाज आणि एका खंडाचं राजकारण! अर्नीचा जादूगार टेन्सर, धाकट्या ल्यूकचा मेल्फ, यांची नावं मंत्रांना लागली. ती मुलं आजोबांच्या वयाला पोचली, तरी जगाच्या पाठीवर कुठं ना कुठं कुणीतरी मेल्फचा आम्लबाण सोडतच असतं.

जानेवारी १९७४. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची खोकी घरीच भरली जाताहेत. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, एकूण प्रती हजार. एक उघडा आणि जग शोधा. सापडणार नाही. ब्लॅकमूर, ग्रेहॉक यांचे उल्लेख येतात, पण नांदायला गाव एकही दिलेलं नाही. शेवटी तर विकत घेणाऱ्यालाच उलट सवाल आहे, की तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची? गायगॅक्सला तेव्हा मनापासून वाटत होतं, की तयार जग कुणी विकत घेणार नाही. ते रचण्यातच तर गंमत.

इथं लोकांनी त्याला खोटं पाडलं. १९७७मध्ये आर्नेसनची टिपणं ‘द फर्स्ट फँटसी कॅम्पेन’ या नावानं विक्रीला आली, १९८०मध्ये ग्रेहॉकचा रंगीत, देखणा, घडीचा नकाशा आला. आर्नेसनचं पुस्तक वाचायला घ्याल तर डोकं धराल. कुठं याद्या, कुठं फौजांचा खर्च, कुठं अर्धवट किस्सा, संदर्भ काही लागत नाही. मला मात्र ग्रेहॉकच्या नेटक्या नकाशापेक्षा ते बाड जवळचं वाटतं. त्यात अजून मंडळींचा आवाज आहे. नेटक्या नकाशावर प्रत्येक गावाला नाव असतं, आणि तिथं पोचलेल्या नव्या खेळाडूला वाटतं, इथं आपण पाहुणे.

पाहुणेपणाचीही एक तऱ्हा आहे. ती बघायला १९७५मध्ये परत मिनेसोटात या. विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे एक प्राध्यापक आहेत, एम. ए. आर. बार्कर. उर्दूचं पाठ्यपुस्तक लिहिलेले, १९५०च्या दशकात भारतात राहून गेलेले. लहानपणापासून ते टेकुमेल नावाचं जग रचत आलेत, अगदी भाषा, लिपी, व्याकरणासकट. त्यांचा खेळ ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ याच वर्षी पंचवीस डॉलरांना बाजारात येतो. त्यात तुम्ही सुरुवात करता ती जकाल्ला बंदरात होडीतून उतरलेला रानटी परदेशी म्हणून, आणि तुम्हाला परक्यांच्या वस्तीतच राहावं लागतं. चूक शिष्टाचाराची झाली तरी जीव जाऊ शकतो. प्राध्यापक महाशय प्रामाणिक आहेत: तुम्हाला या जगातलं काही कळत नाही, तर पात्रालाही कळू नये. इथं वतन नाही, आधी दारात उभं राहायचं.

आणि त्यांच्या टेबलाशी खेळाडूंमध्ये कोण बसलाय, बघा. आर्नेसन. कॅप्टन हार्चर नावाचा दर्यावर्दी होऊन. त्याला जहाज लागतं, जहाज आलं की बंदरं, बंदरं आली की किनारे. इतकं बारकाईनं रचलेलं जगही शेवटी समुद्राच्या बाजूनं उघडं असतं, हे त्या लबाडानं बरोबर हेरलं.

शेवटचा थांबा २०१३. तोवर पुष्कळ टेबलांवर पंचच थेट विचारू लागलेत, की त्या डोंगरापलीकडं काय आहे, तुम्हीच सांगा. हेतू चांगला; पण असं अचानक विचारलं की बहुतेक माणसं गप्प होतात, नाहीतर ड्रॅगन म्हणून मोकळी होतात. कॅनडातल्या अॅव्हरी अल्डर यांनी यावर वेगळीच शक्कल काढली. त्यांच्या ‘द क्वायट इयर’मध्ये पंचच नाही. चौघं जण, एक कोरा कागद, पेन्सिली आणि नेहमीचे बावन्न पत्ते. सगळं जग कोसळल्यावर तगलेली एक वस्ती, तिला मिळालेलं एक शांत वर्ष. बदाम म्हणजे वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. प्रत्येक पान म्हणजे एक आठवडा, आणि प्रत्येक पानासाठी पुस्तकात नेमके प्रश्न: वस्तीतले सगळ्यांत म्हातारे किती वर्षांचे, कुठली अवजारं नाहीत, असले.

तुमची पाळी आहे. विहीर काढा, ओबडधोबड चालेल. शेजारचा तुमच्या विहिरीजवळच टेकडी पोखरायला घेतो. तुम्हाला बोलायचंय? नाही बोलता येत. चर्चा हवी तर ती करण्यात तुमची पाळी जाते, आणि चर्चेतही प्रत्येकानं एकदाच बोलायचं, निर्णय कुठलाच घ्यायचा नाही. फारच राग आला तर समोरच्या ढिगातून नाराजीची एक सोंगटी उचलून आपल्यासमोर ठेवायची. गप्प राहून. कुठल्याही सोसायटीच्या सभेला गेलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. तासाभरात कागद भरतो. तुमची विहीर आटते, टेकडीखाली काहीतरी सापडतं, त्यावरून दोन तट पडतात, तिसऱ्यानं काढलेल्या गलबताची होडी होते आणि चौथ्याला ती झाकायची कशानं, याचीच चिंता लागून राहते.

हिवाळा लागलाय. एकेक पान उलटताना सगळे जरा सावरून बसतात, कारण इस्पिकचा राजा कधी निघेल ते सांगता येत नाही. तो निघाला की ‘फ्रॉस्ट शेफर्ड्स’ येतात. ते कोण, कशासाठी आले, पुढं काय झालं, पुस्तकात काही दिलेलं नाही, आणि तुम्हीही ते सांगायचं नाही. डाव तिथंच संपतो, बांधकामं अर्धी असली तरी. गड्डी तुमच्या हातात आहे. उलटा पान.